म्हणे, सोशिक होत्या

गावात म्हातारी बाई गेली की मराठीतली पाच विशेषणं लगेच कामाला लागतात: सोशिक, कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ आणि त्यागमूर्ती. फलक छापणाऱ्याकडे ती जुळवून ठेवलेलीच असतात. आपण फक्त फोटो आणि तारखा न्यायच्या. फोटो बहुधा कुणाच्या तरी लग्नातला, शेजारच्या विहीणबाईंना कापून काढलेला, त्यामुळे आजींच्या खांद्यावर एक बेवारस हात राहून गेलेला. खाली शोकाकुल मंडळींची यादी. यादीत कुणाचं नाव आधी लागलं यावरून तेराव्याच्या आत एक भांडण.

हरिहरेश्वरच्या आजीला यातलं एकच विशेषण लागू पडतं, कष्टाळू. बाकीची चार तिला जिवंतपणी कुणी तोंडावर म्हटली असती तर तिने विचारलं असतं, "तुला काय हवंय ते आधी सांग." सोशिक तर ती नव्हतीच. भातातला खडा, माजघरात आलेली पाहुण्याची चप्पल, नारळ काढणाऱ्या पाडेल्याचा आळस आणि सुनेचा मोबाइल, यातलं काहीही तिने सोसलं नाही. त्याग म्हणाल, तर आपल्या वाटणीची साय तिने जन्मभर नातवंडांना दिली हे खरं. पण ती तिच्या देखत, उभ्या उभ्या, बोटाने वाटी पुसून खायची असा कायदा होता. त्याग करणारी माणसं देऊन मोकळी होतात. ही दिल्यावर पहारा ठेवायची.

ही आजी म्हणजे कुणी एक बाई नव्हे. श्रीवर्धनहून येणाऱ्या एसटीतून उतरून देवळाच्या रस्त्याला लागलात की दोन्ही हातांना नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीत कौलारू घर, घराच्या गडग्यावर 'घरगुती जेवणाची व राहण्याची सोय' अशी पाटी, आणि ओटीवर मांडीत सूप घेऊन ती. तांदूळ निवडते आहे असं वाटायचं. प्रत्यक्षात ती तुम्हाला निवडत असायची. गाडीतून उतरणारं बिऱ्हाड जेवणारं आहे की नुसतं फोटो काढणारं, यातली सासू कोण, सून कोण, त्यांचं आपसात पटतं का, पोरगं किती दिवसांत पोटभर जेवलेलं नाही, हे सगळं तुम्ही पायरी चढेपर्यंत ठरलेलं असे. नाव विचारायची तिला गरज नसे. गाव आणि कुळ विचारलं की नाव आपोआप गळ्यात पडतं, असा तिचा अनुभव होता.

नोकरीसारख्या बढत्या तिला मिळत गेल्या. आधी वहिनी, मग काकू, मग आजी. निवृत्ती मात्र या खात्यात नाही.

खानावळ तिने काढलीच नाही, ती साचत गेली. हरिहरेश्वर हे कितीतरी घराण्यांचं कुलदैवत. लग्न झालं, मुंज झाली, नवस फिटला की पुण्या-मुंबईची कुळं इथे येणार. पूर्वी आगबोटीने, पुढे एसटीने. आली की तिच्या नवऱ्याकडे अभिषेक सांगणार, आणि अभिषेक सांगितलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं? ती जेवायला घालायची. एकदा एका संकोची गृहस्थाने ताटाखाली नोटा ठेवल्या आणि तो निघून गेला. ती पाखाडीपर्यंत मागे धावली आणि नोटा त्याच्या खिशात कोंबून आली. दुसऱ्या वर्षी त्याने पुन्हा ठेवल्या. तेव्हा ती फाटकापर्यंत गेली. तिसऱ्या वर्षी ती उठली नाही. चौथ्या वर्षी पाटी लागली.

पाटी लागली तरी दर लावताना तिचा हात आखडायचा. "देवाच्या दारात अन्नाचे किती घ्यायचे रे?" असं म्हणून ती जो आकडा सांगे त्यात नारळाचे पैसेही निघत नसत. मुलाने हिशेब मांडून दाखवला तर म्हणे, "नारळ आपल्या झाडाचा, हात माझे, जळण वाडीतलं. तू मला नुकसान कुठे झालं ते दाखव." तो दाखवू शकत नसे, कारण नुकसान झालं होतं ते तिच्या कमरेचं, आणि ते वहीत धरायचं नाही असा दंडक होता.

या आजीचं पहिलं खातं अन्नाचं नव्हे, पाण्याचं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ज्यांनी केली आहे त्यांना सांगायला नको. काळभैरवाच्या देवळामागून पायऱ्या चढायच्या, मग दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून थेट समुद्राशी उतरायचं, आणि लाटांनी पोखरून जाळी केलेल्या खडकांवरून डोंगर उजवा ठेवत परत देवळाशी यायचं. ही वाट ओहोटीपुरतीच उघडी. भरती लागल्यावर तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. तशा सूचना लावलेल्या आहेत. पण सूचना वाचून थांबणारा पर्यटक अजून जन्माला यायचा आहे, म्हणून आजी.

भरती-ओहोटीचं कोष्टक आता मोबाइलमध्ये मिळतं. तेव्हा ते आजीकडे मिळायचं. हिशेब कोळ्यांचा आणि तिचा एकच. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. तिथून सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती आणि नवाला ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, सव्वादोनला ओहोटी. पुनवेला-अवसेला भरदुपारी समुद्र देवळाच्या पायाशी. हे ती पोळी लाटता लाटता सांगे आणि सहसा फार चुकत नसे. तिचा सगळा स्वयंपाक त्या हिशेबावर चाले. सव्वादोनची ओहोटी असेल तर पंगत साडेबाराला, म्हणजे जेवून एक डुलकी काढून माणसं खडकावर. नवाची असेल तर आठाला घावने. चंद्राच्या गतीवर वरण शिजवणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

अर्धी विजार घातलेला कुणी तरुण म्हणायचा, "आजी, आम्ही ट्रेकिंग करतो. आम्हाला सवय आहे."

"करा हो. सह्याद्रीत खुशाल करा. तो जागचा हलत नाही."

एवढ्यावर भागलं नाही तर तिचा ठेवणीतला उपाय होता. "बरं जा. पण हे लहान इथे ठेवून जा. परत आलात तर घेऊन जाल." पुढे कुणी काही बोलत नसे. मंडळी पंखा लावून ओहोटीची वाट बघत बसत.

दर्शनाची शिस्तही तिच्याच ताब्यात. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, हा इथला रिवाज. तो सगळे गाईडही सांगतात. आजी परत आल्यावर तपासायची. "दुसऱ्यांदा काळभैरवाला गेलात?" या प्रश्नावर ज्याने क्षणभर विचार केला त्याला चहा थांबवून परत धाडलेलं आहे. "तो क्षेत्राचा रखवालदार आहे. जाताना रखवालदाराला सांगून जायचं असतं. तुमच्या सोसायटीत नाही का वहीत सही करत?"

आता पंगत. 'संकोच करू नका' हे वाक्य इतर घरांत विनंती म्हणून म्हणतात. इथे ती ताकीद होती. वालाचं बिरडं, फणसाची किंवा केळफुलाची भाजी, पोह्याचा पापड, सोलकढी, ओल्या नारळाची चटणी, आणि आदल्या रात्री सांगितलं असेल तर उकडीचे मोदक. आदल्या रात्री सांगायचं कारण बिरडं भिजवून, मोड आणून, एकेक डाळिंबी सोलावी लागते, आणि मोदकाची पिठी ताजी लागते. सकाळी अकराला उगवून "मोदक मिळतील का?" विचारणाऱ्या माणसाकडे ती ज्या नजरेने बघायची तिने पुढच्या दोन पिढ्यांचं नियोजन सुधारावं. वाटण पाट्यावरच व्हायचं. मिक्सरमध्ये खोबरं "भाजून निघतं", असा तिचा सिद्धान्त होता आणि या सिद्धान्ताची किंमत सून रोज सकाळी पाऊण तास वरवंट्यावर मोजत होती.

तुमचं पोट भरलं आहे की नाही हे तुम्हाला कळतं, ही गोष्ट आजीला मान्य नव्हती. त्याचा निर्णय समोरून व्हायचा. "नको" हा पहिला नकार हिशेबात नाही. दुसरा नकार म्हणजे रीत. तिसऱ्याला भात वाढून झालेला असे. मोदकांच्या बाबतीत ती आकडा बोलत नसे, कारण खाल्लेले मोजले की पोट दुखतं. तुम्ही मोजायला लागलात की ती मध्येच तुमच्या सासरचं काहीतरी विचारायची. हे सगळं होईपर्यंत घरातलं कुणीही जेवलेलं नसे. बाहेरच्यांची पंगत आधी, घरच्यांची मागाहून, पोरं रडोत नाहीतर नवरा खाकरो. आपल्या पोटच्या पोरांना तिने पाहुण्यांनंतरचं, थोडं निवलेलं अन्न घालून वाढवलं. थोरल्या मुलाच्या मनात त्याबद्दल अजून सल आहे. तो डोंबिवलीला राहतो आणि हॉटेलात गेला की सगळ्यात आधी ऑर्डर देतो.

अलीकडे गूगलवर तिच्याबद्दल अभिप्राय येऊ लागले. 'खोल्या साध्या. एसी नाही. आजींनी पानातलं संपल्याशिवाय उठू दिलं नाही. पाच तारे.' दुसरा: 'मी डाएटवर आहे असं सांगितल्यावर आजींनी माझ्या आईला फोन लावायला सांगितला.' तिसऱ्याने चारच तारे दिले होते. कारण, 'तूप जास्त'. नातवाने हे वाचून दाखवलं तेव्हा तिने विचारलं, "हा कुठला?" नातू म्हणाला, ठाण्याचा. "मग बरोबर," असं म्हणून तिने प्रकरण बंद केलं. ठाण्याने तिचं काय वाकडं केलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

वयाचा प्रश्न काढू नये. जन्मतारीख तिची तिलाच ठाऊक नव्हती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहिली, ती आधारकार्डापर्यंत टिकली. तिचं स्वतःचं कालगणन निराळं होतं. रामदास बोट बुडाली तेव्हा, म्हणजे १७ जुलै १९४७ ला, ती परकर-पोलक्यात होती. त्या गटारी अवसेला रेवसकडे निघालेल्या बोटीत कुणाकुणाची माणसं गेली ते तिला वाडीवार पाठ होतं. कोयनेचा भूकंप, डिसेंबर १९६७, म्हणजे थोरला पाळण्यात. भांडी वाजली आणि तिला वाटलं मांजर शिरलं, म्हणून तिने अंथरुणातूनच भूकंपाला हाड केलं. कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला १९८१ साली, तेव्हा घरात पहिली सून आली. "जिल्हा बदलला तशी चवही बदलली," एवढंच ती त्यावर म्हणायची, आणि कुठल्या चवीबद्दल बोलते आहे हे सुनेला बरोबर कळायचं.

पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला ऑगस्ट २०२२ मध्ये. तेव्हा आजीने त्या १ जूनचे मनोमन आभार मानले आणि दर आठवड्याला विनाकारण श्रीवर्धनला जायला सुरुवात केली. काम काहीही नसे. जायचं, बाजारातल्या सुपारीला नावं ठेवायची, यायचं. श्रीवर्धनी रोठा ही नावाजलेली सुपारी. पण तिच्या वाडीतली सोडून बाकी सगळी "चोयट्या".

आई म्हणून तिचं राज्य पिशव्यांवर चाले. मुंबईला जाणारा कुणीही, मग तो ओळखीचा असो, पाहुणा असो की रात्रीच्या गाडीचा चालक, पिशवी घेतल्याशिवाय गावाबाहेर पडू शकत नसे. "एवढंसं आहे, डोंबिवलीला द्या." एवढंसं म्हणजे आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी, तांदळाची पिठी, सोललेले नारळ आणि वरती चुरगळू नये म्हणून ठेवलेला केळीच्या पानांचा भारा. एका पाहुण्याने भीत भीत विचारलं, "आजी, आम्ही कोल्हापूरला चाललोय." तिने क्षणभर विचार केला आणि कोल्हापुरातल्या भाचीसाठी दुसरी पिशवी भरली. प्रेम व्यक्त करायला तिला शब्द कधी लागले नाहीत, वजनकाटा लागायचा.

थोरल्याकडे नातू झाला तेव्हा ती महिनाभर राहायला म्हणून गेली आणि आठवड्यात परतली. कारण विचारलं तर म्हणाली, "नळाला वेळ असते तिथे. आमच्या समुद्रालाही असते, पण तो वेळ पाळतो." खरं कारण सुनेने मागाहून सांगितलं. आजीने चौथ्याच दिवशी इमारतीतल्या चार शेजारणींच्या सुना कामाला लावल्या होत्या, आणि गृहनिर्माण संस्थेचे सचिव भेटायला आले होते.

तिचा एक आदर्श होता आणि तो देव्हाऱ्यातला नव्हता. राधाबाई. बाळाजी विश्वनाथ भटांची बायको, बाजीराव आणि चिमाजी अप्पांची आई, नानासाहेबांची आजी. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे, कुलदैवत आमचंच, म्हणून राधाबाईंबद्दल ती पलीकडच्या आळीतल्या जावेविषयी बोलावं तसं बोलायची. बाळाजीपंत सिद्दीच्या त्रासाने गाव सोडून गेले, १७१३ साली पेशवे झाले, हे तिच्या दृष्टीने किरकोळ. तिला कौतुक काशीयात्रेचं. १७३५ च्या फेब्रुवारीत राधाबाई पुण्याहून निघाल्या, उदेपूर-जयपूरच्या राजांकडून मानपान घेत मथुरा, काशी, गया करून पुढच्या वर्षी जूनमध्ये परतल्या. इतिहासकार म्हणतात, त्या यात्रेने उत्तरेतल्या राजकारणाला हातभार लागला. आजीचं भाष्य वेगळं होतं. "सव्वा वर्ष बाई घराबाहेर राहिली आणि आल्यावर घर जागेवर होतं. म्हणजे जाताना घर कसं लावून दिलं असेल बघ! बाजीराव लढाया जिंकायचा यात काय मोठंसं? घरी आई होती." १७४० या एकाच वर्षात बाजीराव आणि चिमाजी दोघेही गेले, आणि राधाबाई त्यानंतर १७५३ पर्यंत होत्या. हे सांगताना ती एकदम विषय बदलायची आणि कुणाला तरी पाणी तापलं का ते बघायला पाठवायची. तिचाही एक मुलगा लहानपणी तापाने गेला होता. त्याचं नाव घरात कुणी घेत नसे. तीच वर्षातून एकदा, त्याच्या तिथीला, न सांगता बटाट्याची भाजी करायची, कारण त्याला ती आवडायची.

निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला. आधीच टाळेबंदी, मार्चपासून गावात पाहुणा नाही. तिला ते वादळापेक्षा जड गेलं होतं. वाढायला माणूस नाही म्हणून ती कावळ्यांना आणि पोस्टमनला जबरदस्ती करत होती. दुपारी वारा उठला तेव्हा सगळ्यांनी तिला माजघरात खांबाशी बसवलं. वर कौलं उडत होती आणि ती मोजत होती. "सात. आठ. ही न्हाणीवरची गेली." बाहेर वाडीत पोफळी एकामागून एक मोडत होत्या, तो आवाज ऐकलेली माणसं अजून तो विसरलेली नाहीत. संध्याकाळी दार उघडलं तर वाडीतून समुद्र दिसत होता. त्या घरातून समुद्र कधीच दिसत नसे, मध्ये झाडं असायची. सगळे गप्प उभे. आजी म्हणाली, "चला, खोल्यांचं भाडं वाढवा. सी व्ह्यू झाला."

हसावं की रडावं हे ठरवण्याआधीच तिने चूल पेटवायला सांगितली होती. वटपौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, आणि उभा वड जवळपास नाही. तिने पडलेल्या फांदीला सूत गुंडाळलं. "उभ्यालाच गुंडाळावं असं शास्त्रात कुठे आहे? हे तरी आता कुठे उभे असतात?" हे म्हणजे तिचे यजमान, ते आरामखुर्चीत होते आणि त्यांना ऐकू गेलं. पुढचे कित्येक आठवडे गावात वीज नव्हती. तारा ओढायला लांबून आलेल्या वायरमनांना ती पिठलं-भात वाढायची आणि वाढता वाढता प्रत्येकाचं लग्न झालं की नाही ते विचारायची. अंधारात बसलेल्या म्हातारीने त्यातल्या दोघांसाठी स्थळं सुचवली होती.

पोफळ लावल्यावर फळाला पाच-सहा वर्षं लागतात, नारळाला त्याहून जास्त. ऐंशी ओलांडलेल्या बाईने रोपं लावावीत का, अशी कुजबुज घरात झाली. तिने ती लावली आणि प्रत्येक रोपाला एकेका नातवंडाचं नाव दिलं. यात भावना वगैरे काही नव्हती, ही जबाबदारीची वाटणी होती. कुणाचं रोप सुकलं की त्याला फोन जायचा. न्यू जर्सीतल्या नातवाला पहाटे तीनला उठवून तिने विचारलं आहे, "तुझं पान पिवळं पडलंय. तू बरा आहेस ना?" त्याने घाबरून शेणखताचे पैसे पाठवले.

१८ ऑगस्ट २०२२, गोकुळाष्टमी. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या. दुपारपर्यंत गावात पोलीसच पोलीस, दूरचित्रवाणीवर हरिहरेश्वर, सगळ्या नातेवाइकांचे फोन. १९९३ मध्ये याच तालुक्यातल्या शेखाडीला स्फोटकं उतरली होती, त्यामुळे भीती खोटी नव्हती. संध्याकाळी खुलासा झाला: नौका एका ऑस्ट्रेलियन बाईच्या मालकीची, मस्कतहून युरोपकडे निघालेली, वाटेत इंजीन बंद पडलं, माणसांना वाचवलं आणि नौका वाहत वाहत इथे आली. आजीला त्यातलं फक्त मालकीणबाईंचं वाटलं. "बाईमाणसाची बोट! एवढ्या लांब आली तर जेवून तरी जायची." मग बंदोबस्तावरच्या पोरांना उपासाची खिचडी गेली. एका हवालदाराने विचारलं, "आजी, भीती नाही वाटली?" ती म्हणाली, "तुम्ही चाळीसजण आलात. मला साबूदाणा पुरतो की नाही याची भीती वाटत होती."

शेवटची काही वर्षं कान गेले, असं तिने जाहीर केलं. प्रत्यक्षात त्यांनी निवड करायला सुरुवात केली होती. "आजी, गोळी घेतलीत का?" हे तीनदा ओरडूनही पोचत नसे, स्वयंपाकघरात सुनेने फोडणीत हिंग जास्त टाकला तर तो आवाज मात्र ओटीवर जायचा. क्यूआर कोडची डबी आली. पैसे जमा झाल्याचं ती डबी मोठ्याने सांगते. आजी तिला "बरं" म्हणायची. नंतर नंतर तिला विचारू लागली, "अगो, त्या खोलीतल्यांचे आले का?" डबी गप्प राहिली की म्हणायची, "ही पण सुनेसारखीच, विचारलं की बोलत नाही."

मरणाची तयारी तिने लग्नघरासारखी केली. नेसवायचं लुगडं वेगळं काढून त्यात डांबरगोळ्या. तेराव्याचा बेत सांगून ठेवलेला: बिरडं घरचंच, आचाऱ्याकडून नाही; जिलबी मागवू नका, वाडीत नारळ आहेत; आणि पुण्याच्या त्या गोडबोल्या मेव्हण्याला वाढताना तूप बेताने, त्याला साखर आहे. हे ऐकून कुणी डोळ्यांना पदर लावला तर ती चिडायची. "रडताय काय, लिहून घ्या."

गेली ती झोपेत, फार कुणाला न दमवता. गावात सगळे म्हणाले, ओहोटीबरोबर गेली. कोकणात तसं म्हणायची पद्धत आहे, आणि ऐकायला बरं वाटतं. मी घरी येऊन पंचांग काढलं आणि तिथीची पाऊणपट केली. भर भरतीला गेली होती. ओहोटीपर्यंत थांबायचा नियम पाहुण्यांना.

दहाव्याला सगळी मंडळी समुद्रावर. क्षेत्र दक्षिण काशी, त्यामुळे पिंडदानाला बाहेरगावची कुटुंबंही आलेली. आमच्या शेजारी पुण्याचं एक कुटुंब होतं. गुरुजींनी पिंड मांडले, सगळे मागे सरले, आणि एक कावळा आला. आमच्या पिंडाकडे त्याने मान वाकडी करून बघितलं, दोन उड्या मारल्या आणि तो पुण्याच्या पिंडाला शिवला. घरच्यांकडे कुणी बघेना. शेवटी धाकटी सून म्हणाली, "बरोबर आहे. बाहेरच्यांची पंगत आधी."

पुणेकर हात जोडून, समाधानाने निघून गेले. कावळा समोरच्या खडकावर बसून राहिला. ऊन चढायला लागलं आणि गुरुजी पाण्याकडे बघायला लागले. तिथी अशी होती की फार वेळ नव्हता. मग नेहमीचं सुरू झालं. थोरला पुढे झाला. "आई, विहिरीवर नवा पंप बसवतो." कावळा ढिम्म. त्याने दोन अश्वशक्तीचा म्हटलं, तरी नाही. धाकटा म्हणाला, "मधल्या गडग्याचा वाद सोडला मी. दादा म्हणेल तिथे दगड रचू." गेली बारा वर्षं चाललेलं प्रकरण होतं ते, थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कावळ्याच्या नाही. लेक म्हणाली, दर मे महिन्यात आठ दिवस येईन आणि आमसुलं घालायला मदत करीन. न्यू जर्सीचा नातू व्हिडिओ कॉलवर होता. कुणीतरी फोन कावळ्यासमोर धरला आणि तो पोरगा, तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले, कळवळून म्हणाला, "आजी, लग्न करतो गं."

पुढची दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग कावळा उतरला, सावकाश चालत आला, पिंडाला शिवला, भाताचा घास घेतला आणि उडाला.

"कुणाच्या बोलण्यावर आला?" गुरुजींनी विचारलं. थोरल्याला वाटलं पंप. धाकट्याला वाटलं गडगा. नातवाला काही वाटायच्या आत रेंज गेली. कशावर आला हे ठरेना, तेव्हा कुणालाच मागे हटता येईना. पंप दिवाळीआधी बसला. गडगा पाच हात सरकला. आमसुलांची टोपली लेकीच्या नावाने अजून रिकामी आहे, पण मे यायचा आहे. नातवाचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय, मुलगी चिपळूणची.

धाकट्या सुनेने त्या दिवशी मोठ्याने काहीच म्हटलं नव्हतं. ती हात जोडून, डोळे मिटून उभी होती. तेरावं झाल्यावरच्या सोमवारी पाटा-वरवंटा मागच्या पडवीत गेला, ओट्यावर मिक्सर आला, आणि गडग्यावरच्या पाटीवर थाळीचा दर पन्नास रुपयांनी वाढला.